मटण वातड का होते?

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस दोन दिवस गाडीवर पडून राहिला की साखर उतारा घटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बोकडाच्या अंगातही अशीच एक साखर असते, आणि ती बहुधा विक्रीच्या आदल्या दिवशीच वाया जाते. आपल्या नागपूर भागात वाढ्यांवर आणि बांधावरच्या पाल्यावर दोन-चार शेळ्या पोसणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय.

मांस म्हणजे स्नायू. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे असतात. ते एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो. शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी एकाच वर्षी, १९५४ साली, हे दाखवून दिले. धागे पुन्हा सुटायलाही शक्ती लागते. बोकड कापल्यावर ती शक्ती संपते, धागे एकमेकांना धरून बसतात आणि काही तासांत मांस ताठरते. त्या वेळी शिजवाल तर वातडच लागणार. पुढे मांसातलीच कॅल्पेन नावाची विकरे धाग्यांना बांधून ठेवणारी प्रथिने तोडू लागतात, आणि थंड जागी एक-दोन दिवसांत मांस मऊ पडते. “ताजे तेच उत्तम” हा आपला हट्ट म्हणूनच अर्धाच खरा. एक तर कापल्याबरोबर चुलीवर चढवावे, नाही तर थांबावे.

पण थांबायचे म्हणून गरम मटण तसेच फ्रिजमध्ये कोंबू नये. न्यूझीलंडच्या लॉकर व हॅग्यार्ड यांनी १९६३ मध्ये दाखवले की, ताठर होण्याआधीच मांस फार गार झाले तर ते जास्तच आखडते. १४ ते १९ अंशांत सर्वांत कमी. शेळीच्या अंगावर चरबीचे पांघरूण पातळ, त्यामुळे तिचे मांस चटकन गार होते. मात्र नागपूरच्या मे महिन्यात मटण उघड्यावर ठेवण्याचा विचारही नको. तेव्हा सरळ शिजवलेले बरे.

आता त्या साखरेकडे. तिचे नाव ग्लायकोजेन. कापल्यावर तिचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा पीएच ७ वरून साधारण ५.५ ते ५.८ वर उतरतो. मांसाचा रंग आणि टिकाऊपणा यावर अवलंबून. बोकड उपाशी राहिला, टेम्पोत पाय बांधून पडला, अनोळखी बोकडांशी झुंजला, की ही साखर आधीच जळून जाते. शेळी मुळातच बुजरी जात. मग पीएच ५.८ ते ६.२ च्या मध्ये अडकला तर मटण जास्त वातड. त्याहून वर राहिला तर काळपट, चिकट आणि लवकर नासणारे.

तुम्ही म्हणाल, मऊपणाचे पैसे व्यापारी थोडेच देतो? नाही देत. पण तहानलेला बोकड काट्यावरही हलका भरतो, आणि तो तोटा आपलाच. आदल्या रात्री पाणी पाजा, थोडा चारा द्या, बाजारात सावलीला बांधा, आणि नजरेच्या अंदाजाने न विकता वजनावर विका.

राहिला म्हातारा बोकड. वय वाढते तसे कोलॅजेनचे टाके घट्ट होतात, ते विकरांनी सुटत नाहीत. त्याला ओली, मंद आच हवी. तास-दोन तासांत त्याचे जिलेटिन होते. हलबा कोष्टी समाजाचे सावजी मटण मसाल्यासाठी नावाजले, पण तिखटाने मांस मऊ होत नाही, ते काम चुलीचे. कच्च्या पपईचा तुकडा मात्र खरोखर उपयोगी, कारण तिच्या चिकातले पपेन प्रथिने तोडते. जास्त वेळ लावून ठेवलीत तर मटणाचा लगदा होईल, एवढे सांभाळा.

शेळीपालनाबाबत आणखी काही विचारायचे असल्यास १९५८ पासून चालू असलेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या जवळच आहे. विदर्भाची स्वतःची बेरारी शेळी कशी ओळखावी, हेही तेथे विचारून घ्यावे.