चौथ्या मुलाचे कार्ड

वर्गातल्या तीन मुलांना पुढे बोलवा. प्रत्येकाला एक कोरे कार्ड द्या आणि त्यावर ० किंवा १, मनाला येईल तो अंक लिहायला सांगा. आता चौथ्या मुलाने तिघांची कार्डे पाहून असा अंक लिहायचा, की चारही कार्डांवरच्या १ ची संख्या सम झाली पाहिजे. तिघांनी १, ०, १ लिहिले असेल तर तो ० लिहील. १, १, १ असेल तर १ लिहील. मग चौघांपैकी कोणाही एकाने आपले कार्ड पाठीमागे लपवावे. उरलेली तीन पाहून वर्ग लपवलेला अंक लगेच ओळखतो. कार्ड कोणी लपवले, पहिल्याने की चौथ्याने, याने काहीच बिघडत नाही. दोघांनी लपवली तर मात्र अडते. ते दोन अंक सारखे आहेत की वेगळे, एवढेच तेव्हा सांगता येते.

आमच्या प्रयोगशाळेत नदीच्या गाळात सापडणाऱ्या परागकणांची सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे आहेत. अनेक वर्षांचे हे काम या खेळाच्या भरवशावर साठवलेले आहे. मुलांच्या जागी चार डिस्क आहेत, प्रत्येकी ४ टेराबाइटच्या. तीन डिस्कइतकी माहिती मावते आणि एका डिस्कइतकी जागा ‘चौथ्या कार्डासाठी’ जाते. फरक इतकाच, की हे काम एकाच डिस्ककडे कायम नसते. ते आळीपाळीने चौघींवर येते, म्हणजे एकीवरच भार पडत नाही.

अशा रचनेला ‘रेड’ म्हणतात. हे नाव १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या निबंधामुळे रूढ झाले. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त, लहान डिस्क पुष्कळ संख्येने जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यात एक मेख होती आणि ती त्यांनीच गणिताने दाखवली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे चालते असे धरा. अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यांतली कोणती तरी एक सरासरी ३०० तासांतच बंद पडेल. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जादा कार्डाची तरतूद करणे भागच होते.

आता आमची फजिती सांगतो. आमच्या संगणकावर लिनक्स आहे आणि डिस्कचा कारभार ‘एमडीएडीएम’ या आज्ञेने चालतो. इथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे. एकदा वीज जाऊन आल्यावर संगणक मंद वाटू लागला, म्हणून आम्ही समूहाची स्थिती सांगणारी ‘एमडीस्टॅट’ ही फाइल उघडली. सगळे ठीक असेल तेव्हा त्यात चौकटी कंसात ‘यू’ हे अक्षर चार वेळा दिसते. आम्हाला दिसले ते असे: [यूयू_यू]. तिसऱ्या अक्षराच्या जागी नुसती रेघ. एक मूल कार्ड लपवून बसले होते.

आणि केव्हापासून? नोंदवही तपासली तेव्हा कळले, पाच महिन्यांपासून. संगणकाने त्याच दिवशी पत्र पाठवून कळवलेही होते, पण ते पत्र मुख्य व्यवस्थापकाच्या अशा पेटीत गेले, जी आमच्यापैकी कोणीच उघडत नव्हते. एकही छायाचित्र हरवले नाही, एकही फाइल उघडताना अडली नाही. हिशेब इतका चोख चालला होता, की बिघाड झाकला गेला. या पाच महिन्यांत आणखी एक डिस्क गेली असती, तर सगळेच गेले असते.

पहिल्यांदा आम्ही नवी डिस्क जोडली नाही. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि थकलेली दुसरी डिस्क अशा वेळीच धोका देण्याची भीती असते. शिवाय दुसरीकडे ठेवलेली प्रत दोन वर्षे जुनी होती. (रेड म्हणजे प्रत नव्हे. चुकून फाइल पुसलीत, तर ती चारही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसली जाते.) तेव्हा आधी सगळी छायाचित्रे बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतली. त्यात दीड दिवस गेला.

मग प्रश्न आला, बिघडलेली डिस्क कोणती? यादीत रेघ तिसऱ्या जागी, म्हणून आमच्या एका विद्यार्थ्याने पेटीतल्या तिसऱ्या खणाला हात घातलाच होता. पण यादीतला क्रम आणि खणांचा क्रम यांचा संबंध असेलच असे नाही. संगणक डिस्कना जी नावे देतो ती त्या सापडतील तशी देतो; संगणक पुन्हा चालू केला की ती बदलूही शकतात. डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक मात्र बदलत नाही. म्हणून चालू असलेल्या तीन डिस्कचे अनुक्रमांक पडद्यावर मागवले, कागदावर उतरवले, संगणक बंद केला आणि एकेक डिस्क बाहेर काढून ताडून पाहिली. यादीत नसलेली डिस्क निघाली पहिल्या खणात! संगणक चालू असताना तिसऱ्या खणातली डिस्क ओढली असती, तर चारपैकी दोनच कार्डे उरली असती.

नवी डिस्क बसवून ‘अ‍ॅड’ची आज्ञा दिली. समूहात किती छायाचित्रे आहेत याच्याशी संगणकाला कर्तव्य नसते. तो ४ टेराबाइटची अख्खी डिस्क भरतो. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने साडेसात तास होतात (मुलांना हा हिशेब जरूर घालावा). आम्हाला रात्रीचे दोन वाजले. शेवटी चौथा ‘यू’ उमटला.

आता प्रत्येक खणावर अनुक्रमांकाची चिठ्ठी आहे, आणि ते पत्र आमच्यापैकी तिघांच्या पेट्यांत जाते.