तंबाखू सुटली, पण निकोटीन सुटलं का?

मागच्या खरिपातली गोष्ट. फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात कपाशीची शेतीशाळा होती. पानांमागचे मावा-तुडतुडे मोजून झाले आणि आम्ही बांधावरच्या लिंबाखाली चहाला टेकलो. तेवढ्यात एका तरुण शेतकऱ्यानं खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, तोंडाला लावून ओढलं आणि गोड वासाचा पांढरा धूर सोडला. हा मुलगा वाळूजला कंपनीत कामाला जातो आणि सुट्टीच्या दिवशी शेती बघतो. तंबाखू-चुन्याची सवय दहावीपासूनची.

"दोन महिने झाले साहेब, तंबाखूला हात लावला नाही. आता हे मशीन," तो म्हणाला. मग जरा आवाज खाली करून विचारलं, "पण घसा सारखा कोरडा पडतो. सकाळी खोकला येतो. कधी ओढल्या ओढल्या गरगरतं, मळमळतं. तंबाखू सोडल्यामुळं होतंय का हे? तसं असंल तर परत धरतो."

शेजारी वडील चंची उघडून सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "मी तीस वर्षं खातोय. मला कुठं खोकला आहे?"

शेतकरी बंधूंनो, मी काही डॉक्टर नाही. माझा अभ्यास पिकांचा आणि किडींचा. पण हा प्रश्न पुढं आणखी दोन-तीन गावांत कानावर आला. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं ते इथं मांडतो. यातला निम्मा भाग आपल्या शेतीतलाच आहे.

निकोटीन आपल्या ओळखीचंच

तंबाखूचं झाड निकोटीन मुळांत तयार करतं आणि पानांत साठवतं. कशासाठी? तर किडीनं पान खाऊ नये म्हणून. निकोटीन हे मुळात झाडाचं कीटकनाशक आहे. जुने शेतकरी माव्यावर तंबाखूचा काढा फवारायचे, ते याच गुणामुळं. निकोटीन सल्फेट नावाचं औषधही रसशोषक किडींसाठी वापरात होतं. आज आपल्या देशात त्याच्या वापराला बंदी आहे. कपाशीवर आपण जे इमिडाक्लोप्रिड, अॅसिटामिप्रिड, थायोमेथोक्झाम वापरतो, त्या गटाचं नावच 'निओनिकोटिनॉइड', म्हणजे निकोटीनच्या धर्तीवर बनवलेली औषधं. ती किडीच्या मज्जासंस्थेवर निकोटीनसारखाच मारा करतात.

माणसाच्या अंगात हेच निकोटीन थोडं गेलं की तरतरी येते आणि सवय लागते. जास्त गेलं की मळमळ, उलटी, चक्कर, घाम, छातीत धडधड सुरू होते. तंबाखू पिकवणाऱ्या भागात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना, तंबाखू न खाताही, असाच त्रास होतो. कारण निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं. तेव्हा तंबाखू तोंडातून गेली काय किंवा धुरातून गेली काय, आत जाणारं मुख्य द्रव्य एकच. बदलतो तो फक्त रस्ता. आणि सगळी गंमत या रस्त्यातच आहे.

आपली सवय खाण्याची

२०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू वापराच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे होते ३.८ टक्के. खाणारे, मिसरी लावणारे, म्हणजे बिनधुराची तंबाखू घेणारे होते २४.४ टक्के. काही जण दोन्हीत मोडतात. म्हणजे आपल्याकडची मूळ सवय तोंडातली आहे, छातीतली नाही.

चुना कशासाठी लावतो आपण? नुसती चव म्हणून नव्हे. चुन्यामुळं तंबाखू विम्ल होते आणि निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात जातं. तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यंही त्याच जागी रोज तासन् तास घासतात. म्हणून खाणाऱ्याचं मोठं नुकसान तोंडात होतं. वडिलांना खोकला नाही हे खरं आहे. पण त्यांनी बघायची जागा छाती नव्हेच.

आता असा खाणारा माणूस मशीनकडं वळला तर काय होतं? ज्या फुप्फुसात कधी धूर गेला नाही, त्यात तो दिवसातून शंभर वेळा वाफ ओढू लागतो. एक दार बंद करायला गेला आणि दुसरं उघडून बसला.

मशीनच्या आत काय असतं

या यंत्राचं आजचं रूप २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधनिर्मात्यानं बनवलं. आत बॅटरी, तापणारी तार आणि द्रव असतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची द्रव्यं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. तार तापली की द्रवाचे बारीक तुषार होतात. आपल्या पंपाचं नोझल जसं काम करतं, साधारण तसंच. फरक इतकाच की इथं फवारणी फुप्फुसात होते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यात पान जळत नाही, त्यामुळं विडीतलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसतं. म्हणून ब्रिटनसारख्या देशात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी हे साधन वापरू देतात, आणि काहींना त्याचा उपयोग झाल्याचे अभ्यासही आहेत. पण तो हिशेब ओढणाऱ्याचा आहे. खाणाऱ्याला तो लागू पडत नाही. शिवाय आपल्या देशात २०१९ पासून याच्यावर बंदी आहे. त्यामुळं इथं जे मिळतं ते चोरट्या वाटेनं येतं. बाटलीत निकोटीन किती आणि दुसरं काय मिसळलंय, याची खात्री कोण देणार? बिनलेबलचं औषध आपण पिकावर तरी मारतो का?

नव्या द्रवांत बऱ्याचदा निकोटीनला आम्ल जोडून त्याचा क्षार केलेला असतो. चुन्याच्या बरोबर उलटा प्रकार. त्यानं घशाला ठसका कमी लागतो, म्हणून माणूस जास्त ओढतो आणि निकोटीन कधी जास्त झालं ते कळत नाही.

कोणता त्रास कशाचा?

त्या तरुणाचा खरा प्रश्न हाच होता. त्याची उकल अशी.

पहिला गट, तंबाखू सोडल्याचा त्रास. चिडचिड, झोप न येणं, डोकं दुखणं, कामात लक्ष न लागणं, भूक वाढणं, तोंडात फोड येणं आणि पोट साफ न होणं. शेवटची तक्रार आपल्याकडं फार. निकोटीननं आतड्याला चालना मिळते, म्हणून कित्येकांना सकाळी बार भरल्याशिवाय परसाकडं होत नाही. तंबाखू बंद झाली की चार दिवस पोट अडतं आणि माणूस परत चंचीकडं वळतो. हा त्रास साधारण पहिल्या दिवसातच सुरू होतो, दोन-तीन दिवस जोरात असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. विडी सोडणाऱ्याला सुरुवातीला खोकलाही वाढू शकतो, कारण छाती स्वतःला साफ करू लागते.

दुसरा गट, मशीनचा त्रास. तोंड-घसा कोरडा पडणं, कारण ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. घसा खवखवणं, खोकला, डोकेदुखी. आणि निकोटीन जास्त झालं की गरगरणं, मळमळ, धडधड. आपल्या तरुणाच्या सगळ्या तक्रारी या गटातल्या. दोन महिन्यांनंतरही त्या चालू होत्या, म्हणजे तंबाखू सोडल्याचा हा त्रास नव्हता. तंबाखू परत धरण्याचं तर कारणच नव्हतं.

तिसरा गट धोक्याचा. धाप लागणं, छातीत दुखणं, ताप, उलट्या-जुलाब. अमेरिकेत २०१९ मध्ये अशा तक्रारी घेऊन धडधाकट तरुण दवाखान्यात भरती होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता आणि तो घट्ट करायला मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे मोठं कारण निघालं. भेसळीचा माल छातीत गेला की काय होतं, त्याचं हे उदाहरण. अशी लक्षणं दिसली तर वाट न बघता दवाखाना गाठावा आणि काय ओढत होतो ते डॉक्टरांना न लाजता सांगावं.

दमेकरी मंडळींसाठी एक सूचना. विडीच्या धुरामुळं थिओफिलिनसारखी दम्याची औषधं अंगात लवकर संपतात. विडी बंद झाली की तेवढ्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. तेव्हा विडी सोडली की डॉक्टरांना जरूर कळवा. गोळी मनानं कमी-जास्त करू नका.

फवारणीच्या दिवसांत जपा

आमच्या खात्याला सगळ्यात जास्त काळजी याची. निकोटीन जास्त झाल्याची लक्षणं आणि कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं यांत बरंच साम्य आहे. मळमळ, उलटी, घाम, चक्कर दोन्हीकडं असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीनंतर मळमळलं तर 'तंबाखू लागली' किंवा 'मशीन लागलं' म्हणून घरी पडून राहू नका. औषधाचा डबा किंवा बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. आणि औषधाच्या हातानं तंबाखू मळणं किंवा मशीन तोंडाला लावणं म्हणजे विष थेट पोटात घालणं आहे.

मशीनचा द्रवही लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गोड वासाला ती भुलतात आणि थोडा द्रव पोटात गेला तरी जिवावर बेतू शकतं.

मग सोडायची कशी?

निकोटीनचं च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळतं. खाणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. हळूहळू चावायचं, चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, ती कमी झाली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, लिंबूपाणी घ्यायचं नाही. आंबटानं निकोटीन शोषलं जात नाही. चुन्याचं गणित इथंही तेच. गम चालू असताना तंबाखू मात्र अजिबात नको. हृदयरोगी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पोटासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या आणि रात्री इसबगोल. तलफ आली की ती बहुधा पाच-सात मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग किंवा फुटाणे तोंडात ठेवा. सुपारी नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यासाठी

ई-सिगारेटचं उत्पादन, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. २००३ च्या तंबाखू कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. शाळेजवळच्या टपरीवर दोन्ही गोष्टींची चौकशी एकाच फेरीत होऊ शकते. ग्रामसभेत आशाताईंना दहा मिनिटं द्या. मिसरी लावणाऱ्या बायका त्यांच्याशीच बोलतील.

शेवटी त्या बापलेकांचं. त्या दिवशी निघता निघता मी वडिलांना म्हटलं, "तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा बरं." ते हसत हसत बघायला गेले. दोनच बोटं गेली. हसू तिथंच थांबलं. मुलानं पुढच्या सुट्टीला त्यांना घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. सुपारी-तंबाखूनं तोंडाची आतली कातडी कडक झाली होती, गालाला पांढरा चट्टाही होता. कर्करोग नव्हता, पण वाट तिकडचीच होती. आता त्यांची सुपारी आणि तंबाखू दोन्ही बंद आहे, आणि दर काही महिन्यांनी तपासणी चालू आहे.

मुलाचं मशीनही सुटलं. घसा आणि खोकला महिन्याभरात निवळला. पोळ्याच्या दिवशी मित्रांत एक बार भरल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलं. मी म्हटलं, एक ओळ नांगी पडली म्हणून कोणी सगळं रान मोडत नाही. नांग्या भरायच्या आणि पुढं चालायचं.

आज घरी आरशासमोर उभं राहा आणि तीन बोटं घालून बघा. गेली नाहीत, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा पंधरा दिवस न भरलेली जखम दिसली, तर उद्याचं काम परवावर टाका आणि दवाखाना गाठा.