सस्टेनेबिलिटीत मास्टर्स करू, की धंदा सुरू करू? आधी हा हिशोब मांडा



ग्रॅज्युएशन झालंय, कदाचित दोन-तीन वर्षं नोकरीही झालीय. पर्यावरणाची आवड आहे आणि स्वतःचं काहीतरी उभं करायचंय. अशात कुणीतरी सांगतं, "सस्टेनेबिलिटीत मास्टर्स कर, पुढे खूप स्कोप आहे." घरचे म्हणतात, "अजून दोन वर्षं शिकणार, मग कमावणार कधी?" दोघांचंही थोडंथोडं पटतं आणि निर्णय लांबत जातो.

हा निर्णय छोटा नाही. दोन वर्षांचा वेळ, बाबांची एफडी किंवा शैक्षणिक कर्ज, एवढं पणाला लागतं. व्हिडिओमध्ये मी मुद्दे सांगितले होते, पण आकडेमोड घाईत झाली. ती इथे सविस्तर बघू.

माझं म्हणणं आधीच सांगतो: पदवी घ्यायची की नाही, हे आवडीवरून ठरवू नका. तुमचा पहिला ग्राहक कोण, यावरून ठरवा.

या कोर्समध्ये शिकवतात तरी काय?

अनेकांना वाटतं, झाडं लावा, प्लास्टिक टाळा, असंच काहीतरी असेल. तसं नाही. हा मोजमापाचा, कायद्याचा आणि माणसांचा अभ्यास आहे. एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यात जाईपर्यंत किती वीज, पाणी, इंधन खाते ते मोजणं म्हणजे लाइफ सायकल असेसमेंट. कारखान्याचा कार्बन हिशोब, पाणी, कचरा, ऊर्जा, सरकारी धोरण, लोकांची उपजीविका, हे सगळं त्यात येतं.

उदाहरण देतो. ब्रिटनच्या पर्यावरण एजन्सीने २०११ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं की एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. कारण कापूस पिकवायला आणि कापड विणायला खूप काही खर्च होतं. (हा हिशोब हवामानापुरता. गटारी तुंबणं, गुरांच्या पोटात प्लास्टिक जाणं हे मुद्दे वेगळे.)

आता तुम्ही कापडी पिशव्यांचा धंदा करणार असाल, तर यातून काय शिकाल? पातळ, स्वस्त, फुकट वाटायची पिशवी बनवून उपयोग नाही. शिलाई दुहेरी हवी, बंद मजबूत हवेत, पिशवी दोन वर्षं टिकली पाहिजे. बघा, एका आकड्याने तुमचं प्रॉडक्टच बदललं. या शिक्षणाची खरी किंमत इथे आहे.

हे ज्ञान विकलं कुठे जातं?

कंपन्यांना आता हे मोजमाप करावंच लागतं, म्हणून मागणी आहे. चार गोष्टी लक्षात ठेवा:

१. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर हा अहवाल बंधनकारक केला. वीज, पाणी, कचरा, कामगार, सगळ्याची माहिती त्यात द्यावी लागते. मग या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडेही आकडे मागायला लागतात.

२. युरोपियन युनियनने १ ऑक्टोबर २०२३ पासून सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, आणला. सुरुवातीला फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पक्का टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं त्यात आहेत. स्टीलचे नट-बोल्ट आणि पाइपसुद्धा.

३. प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्या ब्रँडना ईपीआरच्या नियमांनुसार त्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी लागते. २०२२ पासून हे नियम अधिक कडक झाले.

४. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पाकिटावर 'इको-फ्रेंडली' किंवा 'ग्रीन' छापायचं असेल, तर हातात पुरावा हवा.

चौथा मुद्दा तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या माणसालाही लागू होतो, हे विसरू नका.

आता ठरवा, तुमचा पहिला ग्राहक कोण?

प्रकार एक: ग्राहक म्हणजे कंपनी. तुम्हाला कार्बन हिशोब, अहवाल, ईपीआरचं काम अशी सेवा विकायची आहे. इथे मास्टर्सचा उपयोग होतो. कंपनीचा माणूस तुमच्या अहवालावर सही करणार असतो, त्याला तुमच्यावर भरवसा ठेवायला काहीतरी आधार लागतो. पदवी तो आधार देते, शिवाय सोबत शिकलेली मुलं उद्या वेगवेगळ्या कंपन्यांत बसलेली असतात. तरी पदवीनंतर एक-दोन वर्षं एखाद्या सल्लागार फर्ममध्ये काम करा, मग स्वतःची पाटी लावा.

प्रकार दोन: ग्राहक म्हणजे सामान्य माणूस. सुपारीच्या पानांच्या प्लेट, गांडूळखत, नैसर्गिक साबण, कापडी पिशवी. गिऱ्हाईक तुमची पदवी विचारत नाही. ते विचारतं, "केवढ्याला? टिकेल का?" इथे दोन वर्षं वर्गात घालवण्यापेक्षा दोन महिने बाजारात घालवा. पण आपल्या एका विषयात मात्र खोल शिरा. पुण्याच्या 'आरती' संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ. शेतात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट त्यांच्या संस्थेने कोळशासाठी वापरलं आणि २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळवला. आपल्याभोवती काय वाया जातंय ते नीट बघितलं आणि त्याला पक्क्या शास्त्राची जोड दिली, म्हणून हे झालं.

प्रकार तीन: घरचा धंदा आधीच आहे. वर्कशॉप, डाय हाउस, काजू प्रक्रिया, प्रिंटिंग प्रेस. मोठा ग्राहक उद्या आकडे मागेल, म्हणून शिकायचंय. तुम्ही धंदा सोडून जाऊ नका. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात पर्यावरणाशी संबंधित पदव्युत्तर शिक्षण दूरशिक्षणाने घेता येतं. स्वयम् आणि एनपीटीईएलवर कोर्स मोफत ऐकता येतात. शिवाय उद्यम नोंदणी असेल तर केंद्राची एमएसएमई सस्टेनेबल (झेड) योजना बघा. २०२२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सर्टिफिकेशनच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सबसिडी ठेवली होती.

वहीत मांडा हा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे आकडे तुम्ही टाका.

- दोन वर्षांची फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च: समजा ६ लाख रुपये
- बुडालेली कमाई: महिना २०,००० धरली, तर २४ महिन्यांचे ४ लाख ८० हजार
- एकूण: १० लाख ८० हजार

दुसरी ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. खर्च म्हटलं की फक्त फी डोळ्यांसमोर येते.

आता वसुली. पदवीमुळे पगार महिन्याला १५,००० ने वाढला, तर ही रक्कम भरून यायला ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं. कर्जाचं व्याज वेगळं. स्वतःची सेवा विकणार असाल आणि एका कामामागे खर्च जाऊन ४०,००० हातात राहत असतील, तर २७ कामं. आता स्वतःला विचारा, ही २७ कामं देणाऱ्या कंपन्यांची नावं मला आज लिहिता येतात का? दहा नावं आली तरी पुढे जायला हरकत नाही. एकही नाव आलं नाही, तर तुमचं मार्केटच अजून तुम्हाला माहीत नाही. आधी ते शोधा.

ॲडमिशन घ्यायचंच ठरलं तर

नुसतं कोर्सचं नाव बघू नका. मुंबईच्या टिसमध्ये हवामान बदल आणि सस्टेनेबिलिटीचा मास्टर्स आहे, त्यात समाजाची बाजू पक्की होते. दिल्लीच्या टेरी स्कूलमध्ये शाश्वत विकासाचा कोर्स आहे. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रात एम.टेक. करताना गावात राहून फिल्डवर्क करावं लागतं, हात मळवायची तयारी असलेल्या इंजिनिअरसाठी ते चांगलं. फी, पात्रता आणि प्रवेश परीक्षा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच तपासा.

माजी विद्यार्थ्यांना मात्र तीन प्रश्न विचाराच:

- इंटर्नशिप कुठे मिळाली, आणि ती कॉलेजने दिली की स्वतः शोधली?
- प्रत्यक्ष कारखान्याचा हिशोब करायला मिळाला, की फक्त पुस्तकातली उदाहरणं?
- तुमच्या बॅचमधून स्वतःचं काम कुणी सुरू केलं?

या आठवड्याचं काम

ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये किंवा पिठाच्या गिरणीत जा. महिन्याचं लाइट बिल आणि डिझेलचा खर्च मागा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो. समजा १,००० युनिट आणि १०० लिटर आले: ७०० अधिक २७०, म्हणजे महिन्याला ९७० किलो. हा तुमचा पहिला कार्बन हिशोब.

मग मालकाला दाखवा, कोणती मोटर बदलली किंवा कुठली गळती थांबवली तर बिल किती कमी होईल. कार्बनचं राहू द्या, वाचणाऱ्या रुपयांबद्दल बोला. त्याने खुर्ची पुढे ओढून "अजून सांगा" म्हटलं, आणि तुम्हालाही त्या आकड्यांत रस वाटला, तर हे क्षेत्र तुमचं आहे. मग पदवी आज घ्या किंवा दोन वर्षांनी, पैसे वाया जाणार नाहीत. आणि आकडे बघूनच कंटाळा आला, तर ते दहा लाख वाचले असं समजा आणि दुसऱ्या धंद्याच्या कामाला लागा.

वही घ्या, गिरणी गाठा. निर्णय त्यानंतर.