पंच घरचा की परका?

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये असा निर्णय दिला की, पूर्वी केव्हातरी तलाक दिला होता एवढेच सांगून मुस्लिम पतीची पोटगीतून सुटका होत नाही. तलाकला सबळ कारण होते, दोन्ही बाजूंचे पंच नेमले होते व समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले, हे त्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात समेटाच्या पूर्वअटीवर असाच भर दिला.

या पंचांचा आधार कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातील ३५ व्या आयतीत आहे. दांपत्यात फूट पडण्याची भीती असल्यास एक पंच पतीच्या व एक पत्नीच्या कुटुंबातून नेमावा, असा तो आदेश. विवाह हा दोन घराण्यांमधील व्यवहार होय, हे त्यामागील गृहीत.

पाश्चात्त्य कुटुंबोपचाराची धारणा नेमकी उलट. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या मते दोघांमधील ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. साल्व्हादोर मिनुचिन याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात पतिपत्नी व इतर आप्त यांच्यात स्पष्ट सीमारेषा हवी, असे प्रतिपादन केले. (आपल्याकडील सासूबाईंना, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, हे पटणे कठीण!) तेथे मध्यस्थ असतो तो फी घेऊन बसणारा परका.

घरच्या पंचाला मेहर किती ठरला होता, घरखर्च कोण चालवतो, हे ठाऊक असते. इस्लामी कायद्यात पत्नीच्या निर्वाहाचा भार पतीवर असून तिची मालमत्ता तिचीच राहते. म्हणजे कलहाला जमाखर्चाची बाजू असतेच. परंतु नेमकी येथेच मेख आहे. पत्नीचा पंच बहुधा तिचा बाप किंवा भाऊ असतो आणि ती माहेरी परतली तर तिला पोसण्याचा भार त्याच्याच शिरावर पडावयाचा असतो. ‘जुळवून घे’ हा त्याचा सल्ला कितपत निःपक्षपाती मानावा? शिवाय मालिकी पंथ पंचांना विवाह मोडण्याचाही अधिकार देतो, तर हनफी मतानुसार दांपत्याने मुखत्यारी दिल्याखेरीज त्यांना केवळ समेट घडवता येतो. मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम हनफीच आहेत.

परक्या समुपदेशकाला असा स्वार्थ नसतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तो आपल्याकडेही आणून बसवला, हे योग्यच झाले. मात्र मने मोकळी झाल्यावर ती स्त्री रात्री कोणाच्या छपराखाली झोपणार, हे त्यानेही विचारावयास हवे. २०१९ च्या कायद्याने तात्काळ तिहेरी तलाक हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला. पंचांविषयी त्यात अक्षर नाही. पंच नेमले होते काय, हा प्रश्न औरंगाबादच्या पूर्णपीठाने विचारला. पत्नीचा पंच कोणी निवडला, तिने की तिच्या भावाने, हा प्रश्न अद्याप कोणी विचारावयाचा आहे.