पत्र्यातून जाणारा पाइप गळतोय? सिलिकॉन फासण्याआधी हे वाचा

हा आजच्या एपिसोडचा लेखी भाग. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचून काढा, चालतंय.

आमचं घर सिडकोत, छत्रपती संभाजीनगरला. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, त्यावर पन्हळी पत्रे आणि त्यातून बाहेर काढलेला किचन चिमणीचा सहा इंची पाइप. गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, "अरे, चिमणीला हात लावला की झिणझिण्या येतायत." मी पळत जाऊन मेन स्विच बंद केला. पाहतो तर पाइपावरून पाण्याचा ओघळ थेट मोटरवर! इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दुरुस्त केलं, आरसीसीबी बसवला. तुमच्याकडे असं झालं तर तुम्हीही आधी हेच करा. पण पाणी यायचं ते येतच होतं.

खरं तर दोन वर्षं आम्ही फटीत सिलिकॉनच भरत होतो. ते टिकत का नव्हतं?

कारण पत्रा हलतो. 6 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा 40 अंशांनी तापला की जवळपास 3 मिलिमीटर वाढतो. आपल्या उन्हात हे रोजचंच. दुपारी ताणायचं, रात्री आकसायचं. फटीतली सिलिकॉनची बारीक रेघ हे किती दिवस सोसणार? एका बाजूने सुटते आणि पाण्याला तेवढंच पुरतं.

यावरचा उपाय म्हणजे फ्लॅशिंग, जोडावर बसवलेली पत्र्याची किंवा रबराची झालर. तत्त्व आपल्या कौलांचंच: वरचा थर खालच्या थरावर चढलेला हवा. कौलांना कुणी सिलिकॉन लावत नाही, तरी पाणी आपोआप खाली वाहून जातं. थंड देशांत विटांच्या धुराड्याभोवतीही हेच करतात. पत्र्याची वरची कड विटांमधल्या खाचेत घालतात.

फॅब्रिकेटर काकांनी आमच्याकडे हे असं केलं:

पहिलं, पाठीचा पत्रा. पाइपाच्या वरच्या अंगाला पन्हळीत पाणी तुंबतं, खरी गळती तिथली. म्हणून एक सपाट पत्रा आढ्यापासून पाइपाच्या खालपर्यंत टाकला. त्याची वरची कड आढ्याच्या टोपणाखाली, खालची कड जुन्या पत्र्यांच्या वर. स्क्रू उंचवट्यावर मारले, पन्हळीत नाही.

दुसरं, ईपीडीएम रबराचा बूट. त्याचं भोक पाइपापेक्षा थोडं लहान कापलं, म्हणजे तो पाइपाला घट्ट बसतो. पत्रा हलला तरी रबर सोबत हलतं.

तिसरं, सीलंट. बुटाच्या कडेखाली जाड थर, मग वॉशरचे स्क्रू. घेताना 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं.

चौथं, छत्री. बुटाच्या वर पाइपाला क्लॅम्पने आवळलेली पत्र्याची कॉलर. बुटाच्या वरच्या कडेवर पाणी पडतच नाही.

आता टेस्टिंग! चिमणीची वीज बंद करून बाहेरून नळी लावली. आधी पाइपाच्या खालच्या बाजूला दहा मिनिटं, मग शेजारी, शेवटी वर. बाबा आत टॉर्च घेऊन उभे. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर चूक कुठे ते कळत नाही. कोड डीबग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसंच.

स्लॅबवाल्यांनो, तुमच्याकडे हेच काम 'वाटा' करतो, म्हणजे स्लॅब आणि कठड्याच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलाकार उतार. तो फुटलाय का, जूनच्या आधी बघून घ्या.

काका जाताना म्हणाले, "पाणी कुठं पडतंय ते नको बघू, कुठून येतंय ते बघ." यंदा आई चिमणीला बिनधास्त हात लावते. ओल्या पत्र्यावर मात्र चढू नका, काम उन्हाळ्यातच उरका. भेटू पुढच्या भागात!