पुढचा आस का तुटतो?
चारही चाकांनी ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरची निगा

कोकणातील भातखाचरात चिखलणी चालू असता, अथवा नाशिक भागातील द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरच्या अवकाळी पावसात औषध फवारणी चालू असता ट्रॅक्टरचा पुढील आस तुटला, तर होणारी हानी केवळ सुट्या भागाच्या किमतीची नसते. रोपे लावणीला आली असता चिखलणी चार दिवस लांबली, तर मजूर दुसरीकडे जातात व रोप वयस्क होते. बागेत फवारणीची पाळी चुकली, तर डाऊनीचा रोग घडात शिरण्यास एवढा अवधी पुरेसा होतो. सबब, आस तुटल्यावर काय करावे हे जितके माहीत असावे, तितकेच तो का तुटतो हेही प्रत्येक ट्रॅक्टरधारकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांचा प्रसार आपल्या राज्यात वाढत आहे. ओल्या जमिनीत मागील चाके घसरू लागली म्हणजे पुढील चाकांची ओढ कामी येते, हा त्यांचा मोठा गुण होय. परंतु हाच गुण अस्थानी वापरला असता आसाचा शत्रू ठरतो. आस एकाएकी तुटला असे चालक सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा तो अनेक महिने आतल्या आत तुटत आलेला असतो.

आसावर पीळ कसा बसतो?

साध्या ट्रॅक्टरची पुढील चाके केवळ दिशा देतात व भार वाहतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र गिअरपेटीतून निघणारी शक्ती एका लांब शाफ्टद्वारे पुढील आसातील डिफरन्शियलकडे येते, आणि तेथून दोन बाजूंच्या अर्ध्या शाफ्टांतून चाकांना मिळते. दांडा टाकला की पुढील व मागील चाके दातेरी चक्रांनी एकमेकांस पक्की जखडली जातात. मोटारगाडीच्या काही प्रकारांत या दोहोंमध्ये फरक सामावून घेणारे आणखी एक डिफरन्शियल असते. शेतीच्या ट्रॅक्टरात बहुधा ते नसते.

शिवाय पुढील चाकांचा वेग मागील चाकांपेक्षा मुद्दाम किंचित अधिक ठेवलेला असतो. यास आपण ‘आघाडी’ म्हणू. ही आघाडी सामान्यतः १ ते ५ टक्के असते. ती ३ टक्के आहे असे धरले, तर मागील चाके १०० मीटर गेली असता पुढील चाके १०३ मीटर जाऊ पाहतात. चिखलात वा भुसभुशीत मातीत चाक सहज घसरते व हे ३ मीटर मातीत जिरतात. परंतु डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर घसरण्यास वाव कोठला? एक किलोमीटरच्या अंतरात ३० मीटरांचा फरक साठू पाहतो. तो काही अंशी टायर घासून निघतो; उरलेला शाफ्टवर पीळ म्हणून चढतो.

वळणावर याच्या उलट घडते. वळताना पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जावे लागते. तीव्र वळणात त्यांना हवा असलेला वेग जखडलेली दातेरी चक्रे देत नाहीत, आणि पीळ दुसऱ्या दिशेने बसतो. लोखंडी तार एकदा इकडे व एकदा तिकडे वाकवीत राहिल्यास ती हातानेही मोडते, हे सर्वांस ठाऊक आहे. रस्त्यावर दांडा टाकून धावणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टची गत अशीच होते. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा थकवा पोलादात साचत जातो व एके दिवशी बांधावरील लहानशा धक्क्यानेही शाफ्ट दगा देतो.

यास्तव पहिला नियम असा: कठीण रस्त्यावर येताच दांडा काढावा. दांडा सहज निघत नसेल, तर शाफ्टवर पीळ चढला आहे असे समजावे. त्यावर जोर न करता चाके सरळ ठेवून ट्रॅक्टर थोडा मागे घ्यावा. पीळ उतरतो व दांडा सुटतो. या नियमास एक अपवाद आहे. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांवरच असतात. त्यामुळे भार घेऊन तीव्र उतार उतरताना पुढील चाकांचीही रोख मिळावी म्हणून दांडा टाकणे हितावह असते. अशा वेळी आसापेक्षा जिवाचे मोल अधिक आहे. उतार संपताच दांडा काढावा.

टायरांचा मेळ

दुसरे कारण अधिक फसवे आहे. आघाडीचे प्रमाण टायरांच्या घेरावर अवलंबून असते. मागील टायर झिजलेले असता पुढे नवे टायर घातले, अथवा ट्रॅक्टर थोडा उंच व्हावा म्हणून पुढे एक माप मोठे टायर बसविले, तर आघाडी बेताबाहेर वाढते. उलटपक्षी मागील टायर नवे व पुढील झिजलेले असतील, तर आघाडी नाहीशी होऊन पुढील चाके ओढण्याऐवजी फरफटत जातात. हवेच्या दाबाची हेळसांडही हाच परिणाम घडविते.

एका द्राक्ष बागायतदाराच्या ट्रॅक्टरचा शाफ्ट एकाच हंगामात दोनदा तुटला. दोन्ही वेळी नवा शाफ्ट बसविण्यात आला. टायरांकडे कोणी पाहिले नाही. पुढे एक माप मोठे टायर होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार झाला. योग्य मापाचे टायर बसविल्यानंतर ही तक्रार थांबली.

आघाडी कोणासही शेतावर मोजता येते. ती रीत अशी:

१. चारही टायरांत निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा भरावी. एका मागील व त्याच बाजूच्या पुढील टायरवर खडूने खूण करावी.

२. सपाट, कठीण जागी दांडा काढून ट्रॅक्टर सरळ रेषेत सावकाश चालवावा. मागील चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढील चाकाचे किती फेरे झाले ते मोजावे. अपुरा फेरा टायरवरील दाते मोजून ठरवावा.

३. नंतर भुसभुशीत जमिनीत दांडा टाकून तीच मोजणी पुन्हा करावी.

४. दुसऱ्या मोजणीतून पहिली वजा करावी, बाकीस पहिल्या मोजणीने भागावे व १०० ने गुणावे.

उदाहरणार्थ, दांडा काढून १५.५ व दांडा टाकून १६ फेरे आले, तर आघाडी सुमारे ३.२ टक्के होय. हे ठीक आहे. परंतु दांडा काढून १५ च फेरे आले, तर ती सुमारे ६.७ टक्के होते, आणि टायर बदलल्याखेरीज नवा शाफ्ट बसविणे व्यर्थ आहे.

भार, धक्का आणि पाणी

पुढे लोडर बसवून माती वा शेणखत उचलताना जवळजवळ सर्व वजन पुढील आसावर येते. मागे योग्य वजन बांधल्याशिवाय असे काम करू नये. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात ट्रॅक्टरच्या पुढील व मागील चाकांवर पडणारे वजन दिलेले असते. यंत्र विकत घेण्यापूर्वी हा अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

चाके पूर्ण वळविलेली असता सांध्यातील क्रॉसवर सर्वाधिक ताण असतो. त्याच स्थितीत चिखलात गरगर फिरणारे चाक जांभ्याच्या बांधावर एकदम पकडले गेले, तर शाफ्ट वा क्रॉस क्षणात तुटतो. बांध ओलांडताना वेग कमी करावा, चाके शक्यतो सरळ ठेवावी आणि चाक अडकल्यास हिसके न देता मागे यावे.

चिखलणीत चाकांच्या हबपर्यंत पाणी चढते. ऑईल सील झिजलेले असल्यास ते आत शिरते. आसातील तेल दुधासारखे पांढरे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे हे ओळखून ते तत्काळ बदलावे व सीलही बदलावे. चिखलणी संपल्यावर ही तपासणी अवश्य करावी. मधल्या खिळीस व किंग पिनला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. वळताना होणारा कट-कट आवाज, हबपाशी तेलाचा ओघळ, जड झालेले स्टिअरिंग व पुढील टायरांची जलद झीज या पूर्वसूचना आहेत.

आस तुटल्यावर

आवाज होताच ट्रॅक्टर थांबवावा व दांडा काढावा. केवळ आतील शाफ्ट तुटला असून चाक सरळ व घट्ट उभे असेल, तर कित्येकदा मागील चाकांच्या बळावर हळूहळू घरी येता येते. परंतु चाक कलले असेल, किंग पिन वा आसाचे कवच तुटले असेल, अथवा आतून खडखडाट येत असेल, तर एक पाऊलही पुढे जाऊ नये. तुटलेला तुकडा क्राऊन-पिनियनमध्ये सापडल्यास थोडक्यातील दुरुस्ती मोठ्या खर्चाची होते.

ट्रॅक्टर उचलण्यापूर्वी जागा कठीण व सपाट असावी, अवजार खाली टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी व मागील चाकांस दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्या. पुढील आस मधल्या खिळीवर डोलतो. म्हणून आस व सांगाडा यांमध्ये दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्या. केवळ जॅकवर भरवसा ठेवून कोणीही खाली शिरू नये. विटा वा दगड भाराखाली फुटतात. भक्कम घोड्यांचाच आधार द्यावा.

तुटलेले तुकडे फेकू नयेत, कारण त्यांचा तुटीचा भाग कारण सांगतो. त्यावर शिंपल्याच्या पाठीवरील वलयांसारख्या रेषा व एका कडेस खडबडीत भाग असेल, तर शाफ्ट दीर्घकाळच्या थकव्याने तुटला आहे. अशा वेळी टायर व दांड्याचा वापर तपासावा. शाफ्टच्या टोकावरील खाचा पिळवटलेल्या असतील, अथवा खडू पिळून मोडावा तशी तिरकस तूट असेल, तर एकदम आलेला अतिरिक्त जोर हे कारण होय. तुकड्यांची छायाचित्रे घ्यावी व तासदर्शकावरील आकडा लिहून ठेवावा. हमीच्या मुदतीत त्यांचा उपयोग होतो.

शाफ्ट वेल्डिंग करून बसविण्याचा मोह टाळावा. हे पोलाद विशिष्ट उष्णता देऊन कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते गुण नष्ट होतात व जोडाच्या शेजारीच पुन्हा तूट पडते. नवा शाफ्ट बसविताना आसाचे कवच वाकले नाही ना हे पाहावे, जुने तेल काढून आतील लोखंडाचा कीस धुऊन टाकावा, बेअरिंगे तपासावी, सील नवे घालावे आणि दुसऱ्या बाजूचा शाफ्टही बाहेर काढून पाहावा. पहिले काही तास हलके काम घ्यावे व चाकांचे नट पुन्हा आवळावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

अवजारे बँकेच्या अथवा भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालक वारंवार बदलतात. एकास माहीत असलेले दुसऱ्यास नसते. यास्तव दांड्याजवळ ठळक अक्षरांत “रस्त्यावर दांडा काढा” असे रंगवून घ्यावे. खरिपापूर्वी गावातील चालकांस एकत्र करून आघाडी मोजण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यास खडूचा तुकडा व अर्धा तास एवढेच भांडवल लागते. लावणीच्या वा फवारणीच्या आठवड्यात मिस्त्रीची वाट पाहण्यापेक्षा हा अर्धा तास शेतकरी बंधूंना खचितच स्वस्त पडेल.