गोरखचिंचेची वंशावळ

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील ‘हत्तियां का झाड’ ज्यांनी पाहिले आहे, त्यांस गोरखचिंचेचा विस्तार सांगावयास नको. अवाढव्य पोकळ बुंधा, आणि मुळेच आकाशाकडे वळविल्यासारख्या फांद्या! अशा वृक्षाभोवती आख्यायिका जमल्या तर नवल नव्हे. गोरखनाथांनी याच्याच छायेत शिष्यांस उपदेश केला, असे आपण मानतो. मांडवगडास हीच ‘खुरासानी इमली’ होते. वस्तुतः वृक्ष आला आफ्रिकेतून. बुंध्याचा घेर मोजून त्याचे वय ठरविण्याची हौसही फसवी. पोकळ खोडात वलये सलग उरत नाहीत.

हा वृक्ष येथे आला कसा, याचा माग कॅरेन बेल, हरिप्रिया रंगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांतून काढला. त्यांचा निबंध २०१५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आफ्रिका, भारत, मॉरिशसकडील बेटे आणि मलेशिया येथील झाडांच्या जनुकद्रव्यातील १० स्थाने त्यांनी ताडून पाहिली. भारतीय झाडांचे सर्वांत जवळचे नाते मोंबासा ते दार-एस-सलाम या किनाऱ्याशी निघाले. आग्नेय भारतातील झाडे मात्र पश्चिम आफ्रिकेच्या गोत्रातली; ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतवाल्यांच्या मार्गाने आली असावीत. म्हणजे वृक्षाचे आगमन एकदाच झाले नाही, आणि पूर्वी समजत होते त्याहून दीर्घ काळ ते चालू राहिले.

टणक कवचाचे, सुक्या गराचे हे फळ गलबतावरच्या प्रवासास सोयीचे. ते बरोबर आणणारे व्यापारी असतील, खलाशी असतील, तसे गुलाम म्हणून विकले गेलेले हबशीही असतील. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांची नावे इतिहासाने जपली. बाकीच्या हजारोंची कोणी लिहून ठेवली? आमच्या किनाऱ्यावर ‘परके’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो, म्हणून हे मुद्दाम नमूद करीत आहोत.

या संशोधनात आणखी एक गोष्ट आढळली. येथील झाडांत जनुकांची काही रूपे अशी आहेत, जी तपासलेल्या आफ्रिकी झाडांत मिळाली नाहीत. येथले झाड गेले तर आफ्रिकेतून रोप आणून ती उणीव भरून निघेलच असे नाही. तरीही २०२४ साली सांताक्रूझ येथे मेट्रोच्या कामासाठी एक जुनी गोरखचिंच तोडण्यात आली. निदान किल्ले, दर्गे आणि देवळांच्या आवारांत उभ्या असलेल्या गोरखचिंचांची गाववार नोंद वनखात्याने करावी, प्रत्येकीच्या पानाचा नमुना जतन करावा, आणि रस्त्याची आखणी त्या नोंदीनंतर व्हावी, अशी आमची मागणी आहे.